हरलेला पक्ष नेमकं कुणाचं ऐकतो? जून २०२४ ते नोव्हेंबर २०२४, आणि त्याआधीचे काही पराभव

शिवारफेरी (धागाकर्ता)

निकालाच्या दिवशी संध्याकाळी हरलेल्या पक्षाचा प्रवक्ता टीव्हीवर एक वाक्य हमखास बोलतो. "आमची भूमिका लोकांपर्यंत पोचवण्यात आम्ही कमी पडलो." पक्ष कुठलाही असो, वाक्य तेच. मला ते फार घातक वाटतं. त्यात पक्षाने स्वतःला आधीच निर्दोष सोडलेलं असतं. भूमिका बरोबर होती, चूक फक्त पोचवण्यात झाली. मग पुढच्या वेळी जाहिरातवाले बदलायचे, घोषणा बदलायची, वाहिन्यांवर चार नवे चेहरे पाठवायचे, की झालं.

माझं म्हणणं असं आहे की बहुतेक पराभवांत भूमिका व्यवस्थित पोचलेली असते. लोकांना ती कळते आणि पटत नाही. हे जो पक्ष स्वतःशी कबूल करतो त्याला पुढची वाट सापडते. जो करत नाही, तो पुढची निवडणूक त्याच मुद्द्यांवर लढतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात याचं उदाहरण २०२४ मध्येच घडलं. साडेपाच महिन्यांत, त्याच राज्यात, त्याच सहा पक्षांमध्ये दोन उलटे निकाल लागले. ४ जूनला लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला, सांगलीत अपक्ष. भाजप २३ वरून ९ वर आला. २३ नोव्हेंबरला विधानसभेत भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरे गट २०, काँग्रेस १६, शरद पवार गट १०.

जूनमध्ये दोन्ही आघाड्यांच्या मतांमधला फरक अर्ध्या टक्क्याहून कमी होता, हे लक्षात ठेवा. म्हणजे महायुतीची मतं आटली नव्हती. ती चुकीच्या ठिकाणी कमी पडली होती.

पराभवानंतर महायुतीतून दोन सूर निघाले. एक सूर 'फेक नॅरेटिव्ह'चा: संविधान बदलणार असा खोटा प्रचार झाला, म्हणून हरलो. हा सूर म्हणजे वर लिहिलेलं प्रवक्त्याचं वाक्यच. शिवाय त्या प्रचाराला खाद्य कुणी पुरवलं हे त्यात येत नाही. 'चारशे पार' ही घोषणा भाजपचीच, आणि ते चारशे संविधानात बदल करण्यासाठी हवेत असं मार्चमध्ये बोलणारे खासदार अनंतकुमार हेगडेही भाजपचेच. दलित वस्त्यांमध्ये ते वाक्य पोचवायला विरोधकांना फार कष्ट पडले नाहीत.

दुसरा सूर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुख्यमंत्री असलेल्या शिंदेंनी जूनमध्येच जाहीरपणे मान्य केलं की नाशिक पट्ट्यात कांद्याने आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीन-कापसाने फटका दिला. पिकाचं नाव घेऊन पराभव मान्य करणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट नाही. तिथून पुढे २८ जूनचा अर्थसंकल्प, लाडकी बहीण (बायकांच्या खात्यात महिन्याला पंधराशे), साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज, वर्षाला तीन गॅस सिलिंडर, मुलींना मोफत उच्च शिक्षण. लोकसभेच्या प्रचारातला 'देश, मोदी, चारशे' हा सूर विधानसभेला मागे गेला. 'तुमच्या घरात महिन्याला काय येणार' हा पुढे आला.

हे बरं की वाईट, राज्याच्या तिजोरीला परवडणारं की नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावरही बोलू. आधी तुमच्या भागात काय दिसलं ते लिहा. कुणालाही शिव्याशाप नकोत.

---

कांदाचाळ

निफाड तालुक्यातून लिहितोय. कांद्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मुंबई-पुण्यात बसून लिहिणारे 'कांदा फॅक्टर' असे दोन शब्द टाकून पुढे जातात.

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात निर्यातबंदी आली. लाल कांदा बाजारात येण्याचे दिवस. लासलगावला आठ-पंधरा दिवसांत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. ३१ मार्चला बंदी उठेल म्हणून लोक उन्हाळ कांद्याकडे डोळे लावून बसले होते, तर ती पुढे वाढवली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन निर्यातीची परवानगी दिली. त्या एका आदेशाने जेवढा संताप झाला तेवढा पडलेल्या भावानेही झाला नव्हता. भाव पडला की माणूस नशिबाला बोल लावतो, पण शेजारच्या राज्याला मिळतं आणि आपल्याला मिळत नाही हे दिसलं की अपमान वाटतो.

४ मे ला बंदी उठवली. पण सोबत टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क. व्यापारी म्हणाले, हे उघडणं म्हणजे दाराला कडी लावून 'या' म्हणण्यासारखं आहे. १५ मे ला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, तिथे गर्दीतून 'कांद्यावर बोला' अशी हाक आली. २० मे ला मतदान. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या भारती पवार एक लाखाहून जास्त मतांनी पडल्या. त्यांना हरवणाऱ्या शरद पवार गटाच्या भगरे सरांच्या आडनावाच्याच एका अपक्षाला तुतारीच्या नावाचं चिन्ह मिळालं होतं आणि त्याने लाखभर मतं खाल्ली, तरीही सर निवडून आले. लोकांनी राग किती नेमून काढला बघा.

आता पुढचं. १३ सप्टेंबरला किमान निर्यात मूल्य काढून टाकलं, शुल्क ४० वरून २० वर आणलं. नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीच्या. उरलेली मालेगाव मध्य, ती एमआयएमची. आघाडीला जिल्ह्यात भोपळा.

शिवारफेरी, तुमच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, फक्त एक भर घालतो. आमच्याकडे कुणी येऊन कांद्याचं धोरण 'समजावून' सांगितलं नाही. मे महिन्यात ते सगळं सांगून झालं होतं: ग्राहकालाही जपायला हवं, सरकार बफर स्टॉक खरेदी करतंय, वगैरे. ऐकून घेतलं होतं आम्ही. सप्टेंबरमध्ये आदेश बदलला, तेव्हा लोकांचं मन हललं.

---

मुळाकाठ

+१. जिंकलेल्यांबद्दल मी लिहितो. मी जूनमध्ये आघाडीला मत दिलं आणि नोव्हेंबरमध्येही दिलं, त्यामुळे हे आनंदाने लिहीत नाही.

लोकसभेचा विजय आघाडीने आपल्या भूमिकेचा विजय समजला. त्यातला मोठा भाग समोरच्यावरच्या रागाचा होता. शिवसेना फोडली, राष्ट्रवादी फोडली, चिन्हं गेली, त्याची चीड लोकांच्या मनात होती आणि ती जूनमध्ये त्यांनी मतयंत्रात उतरवली. बारामतीत तर दीड लाखाहून जास्त मतांनी. एकदा शिक्षा देऊन झाल्यावर तोच गुन्हा परत वाचून दाखवला तर लोक किती वेळ ऐकणार? विधानसभेच्या सभांमध्ये मी 'गद्दार' आणि 'खोके' ऐकत होतो आणि आजूबाजूच्या माणसांचे चेहरे पाहत होतो. टाळ्या पडत होत्या, पण त्या आधीपासून आपल्या असलेल्या माणसांच्या होत्या.

दुसरं, लाडकी बहीणवर आघाडीचं नेमकं म्हणणं काय, हे कुणालाच कळेना. जुलैमध्ये सूर होता की हा मतांसाठी केलेला खर्च आहे, तिजोरी रिकामी होईल. ६ नोव्हेंबरला बीकेसीच्या सभेत आघाडीनेच महालक्ष्मी योजनेत बायकांना महिन्याला तीन हजार जाहीर केले. पंधराशे परवडत नाहीत आणि तीन हजार परवडतात, हे कुणाला पटणार? समोरचा पंधराशे खात्यात टाकून बसला होता.

आणि जागावाटप. विदर्भातल्या जागांवरून काँग्रेस आणि ठाकरे गट अर्ज भरायची मुदत संपेपर्यंत भांडत होते. मुख्यमंत्री कोण होणार यावर दोन महिने मुलाखती. ८ ऑक्टोबरला हरियाणात काँग्रेस हातातली निवडणूक हरली, तो इशारा सहा आठवडे आधी मिळाला होता. कुणी थांबून विचार केल्याचं दिसलं नाही.

---

ओटीवरून

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. लाडकी बहीण म्हणजे 'पैसे वाटले, मतं घेतली' एवढं लिहून लोक मोकळे होतात. तो जुलै महिना मी घरात बसून पाहिला आहे, म्हणून लिहिते.

पहिल्या आठवड्यात तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी झुंबड उडाली. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पाच एकरांची अट. मग भराभर अटी सुटत गेल्या. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला चालेल. जमिनीची अट गेली. वयाची मर्यादा ६० ची ६५ झाली. १५ जुलैची मुदत ३१ ऑगस्ट झाली. 'नारीशक्ती दूत' ॲप दिवसा चालायचं नाही, म्हणून आई रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसून फॉर्म भरायची. बायका कडेवर पोरं घेऊन रांगेत. एका फॉर्मला पन्नास रुपये मिळणार होते.

त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो बँक खात्यात. खातं नवऱ्यासोबत जोडलेलं, किंवा खातं आहे पण आधार जोडलेलं नाही. कितीतरी बायकांनी त्या महिन्यात पहिल्यांदा स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं चालू करून घेतलं. राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार एकदम आले, तेव्हा मोबाईलवर मेसेज आलेला आईला दाखवायला बायका घरी येत होत्या. दिवाळीच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही आगाऊ आले.

मला राजकारणातलं फार कळतं असा दावा नाही. पण निवडणुकीचा संदेश म्हणजे भाषण, असं तुम्ही सगळे धरून चालला आहात. आमच्या गावात तो संदेश आईच्या हातून गेला. ती कुठल्या पक्षाची नाही, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास होता.

---

वऱ्हाडवारा

वर सगळे एकाच सुरात बोलताहेत, म्हणून थोडं उलट लिहितो. मी वाशीम जिल्ह्यातला.

धागाकर्त्याचं म्हणणं: जो पक्ष ऐकतो तो जिंकतो. मग सोयाबीनचं काय ऐकलं ते सांगा. २०२४ च्या हंगामाचा हमीभाव ४८९२. हंगाम ऐन भरात असताना बाजार समितीत चार हजार-बेचाळीसशे, ओला माल असेल तर त्याहून कमी. सरकारी खरेदीत १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की माल परत. ही अडचण दरवर्षीची. ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केली ती १५ नोव्हेंबरच्या सुमारास, मतदानाला पाच दिवस उरले असताना. तोवर गरजू शेतकऱ्याने माल विकून टाकला होता. सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, त्याने तेल महाग झालं, पण आमच्या भावात म्हणावा तसा फरक पडला नाही.

म्हणजे जूनमध्ये जी तक्रार होती ती नोव्हेंबरमध्येही तशीच. आघाडीने सात हजारांचं आश्वासन दिलं, महायुतीने सहा हजारांचं. तरी विदर्भात महायुतीने बाजी मारली.

माझा निष्कर्ष असा की ऐकणं निवडून-निवडून झालं. कांद्याचा आदेश एका सहीने बदलता येतो, म्हणून बदलला. सोयाबीनचं दुखणं जागतिक बाजार, तेलाची आयात, पेंडीची मागणी असं खोल आहे. ते सोडवता येत नाही म्हटल्यावर त्याच घरातल्या बाईच्या खात्यात पंधराशे टाकले. त्याने काम भागलं.

आणि जातीचं गणित कुणी लिहीतच नाही. मराठवाड्यात लोकसभेला महायुतीला आठपैकी एकच जागा, छत्रपती संभाजीनगर. जालन्यात रावसाहेब दानवे पडले, बीडमध्ये पंकजाताई साडेसहा हजारांनी पडल्या. मराठा आरक्षणासाठीच्या जरांगे पाटलांच्या आंदोलनाची धग होती. विधानसभेला भाजपने काय केलं? मराठा राग ओसरण्याची वाट पाहत बसले नाहीत. ओबीसी समाज एकवटला. पंकजाताईंना जुलैमध्येच विधान परिषदेवर घेतलं. छोट्या-छोट्या जातींसाठी महामंडळं जाहीर झाली, ओबीसी आरक्षणासाठीची नॉन-क्रिमिलेअरची उत्पन्नमर्यादा १५ लाख करावी अशी शिफारस मंत्रिमंडळाने केली. वर 'बटेंगे तो कटेंगे' आणि 'एक हैं तो सेफ हैं'. जरांगेंनी ४ नोव्हेंबरला उमेदवार न देण्याचं जाहीर केलं. या सगळ्याला 'लोकांचं ऐकणं' म्हणायचं असेल तर म्हणा.

---

शिवारफेरी (धागाकर्ता)

वऱ्हाडवारा, हाच प्रतिसाद हवा होता. ऐकणं म्हणजे भलं करणं असं मी म्हणत नाही. पक्ष ऐकतो तो मतांसाठीच. मुद्दा एवढाच की ओबीसी मतं एकवटायची असोत की बाईच्या खात्यात पैसे टाकायचे असोत, त्याआधी 'आपली मतं कुठे आणि का गेली' याचा हिशेब मांडावा लागतो. महायुतीने तो मांडला.

'बटेंगे' बद्दल एक गोष्ट नोंदवतो. अजित पवारांनी ती घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही असं जाहीर सांगितलं. पंकजा मुंडेंनीही अंतर राखलं. एकाच आघाडीत ती घोषणा जिथे चालते तिथे चालली आणि जिथे नको तिथे बाजूला ठेवली गेली. लोकसभेला असं झालं नव्हतं, तेव्हा सगळीकडे एकच फलक होता.

ओटीवरून, तुमच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मी जपून ठेवतोय.

---

बिनधास्तबोल

या चर्चेत मतदार याद्यांचा विषयच नाही? लोकसभा ते विधानसभा या पाच-सहा महिन्यांत राज्यात सुमारे ३९ लाख मतदार वाढले, त्याआधीच्या पाच वर्षांत वाढले त्याहून जास्त, असा आक्षेप राहुल गांधींनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पत्रकार परिषद घेऊन मांडला. माळशिरसच्या मारकडवाडीत लोक स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायला निघाले, तर प्रशासनाने होऊ दिलं नाही. आधी निवडणूक स्वच्छ होती का ते ठरवा, मग संदेशाचं बोला.

---

मुळाकाठ

बिनधास्तबोल, आक्षेपांची उत्तरं मिळायलाच हवीत. याद्या तपासता येतील अशा स्वरूपात सगळ्या पक्षांना मिळाव्यात ही मागणी मला रास्त वाटते. निवडणूक आयोगाने आरोप फेटाळले आहेत, वाद अजून मिटलेला नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

पण पक्ष म्हणून विचार करा. विधानसभेला महायुतीला जवळजवळ निम्मी मतं आणि आघाडीला पस्तीस टक्क्यांच्या आसपास. यादीबद्दल भांडत असताना आपलं घर तपासायचं काम थांबवता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आघाडीच्या कार्यकर्त्यांशी बोलताना मला जाणवलं की त्यांना यंत्रावर बोलायला आवडत होतं, कारण त्यात कुणाला दुखवावं लागत नव्हतं. 'आपण लाडकी बहीणची टिंगल का केली' असं विचारलं की बैठकीत समोर बसलेल्या कुणाचं तरी नाव येतं.

---

मंजिरी_लेस्टर

धागा आवडला. इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, लेबर पक्षाची गोष्ट धागाकर्त्याच्या मुद्द्याला अगदी लागू पडते, म्हणून लिहिते. मी या देशात खूप नंतर आले, पण इथले माझे जुने शेजारी कट्टर लेबरवाले आहेत आणि ते हा इतिहास घरातल्या आठवणींसारखा सांगतात.

१९७९ ला लेबर हरला. काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८० मध्ये कायदा करून नगरपालिकेच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना ते घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. घरं घेणारे बहुतेक कामगार, म्हणजे लेबरचे पिढीजात मतदार. लेबरचा त्याला विरोध, कारण स्वस्त भाड्याची घरं संपतील. तात्त्विकदृष्ट्या विरोधात दम होता, आज घरांची टंचाई पाहता तर फारच. पण ज्याने नुकताच स्वतःच्या घराच्या दाराला आवडीचा रंग दिला आहे त्याला तुम्ही काय सांगणार?

१९८३ चा जाहीरनामा: अण्वस्त्रं एकतर्फी सोडायची, युरोपीय समुदायातून बाहेर पडायचं, उद्योगांचं पुन्हा राष्ट्रीयीकरण. त्यांच्याच पक्षाचे जेराल्ड कॉफमन त्याला इतिहासातली सर्वांत लांब आत्महत्येची चिठ्ठी म्हणाले. मतं २७.६ टक्के, जागा २०९.

आता गंमत नव्हे, शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. १९८६ मध्ये पक्षाने लाल झेंड्याऐवजी लाल गुलाब हे बोधचिन्ह घेतलं. १९८७ चा प्रचार इतका देखणा होता की विरोधकांनीही वाखाणला. जागा २२९. म्हणजे सगळी रंगरंगोटी करून वीस जागा वाढल्या, कारण अण्वस्त्रांवरची भूमिका तीच होती. ती १९८९ मध्ये सोडली. १९९२ ला जिंकतील असं वाटत असताना करवाढीच्या भीतीवर पुन्हा हरले. सलग चौथा पराभव.

मग टोनी ब्लेअर. त्यांनी १९९५ मध्ये पक्षाच्या घटनेतलं चौथं कलम बदललं, ज्यात उत्पादनाच्या साधनांची सामाईक मालकी हे ध्येय होतं. ते कलम कुणी अंमलात आणणार नव्हतंच. तरी ते प्रत्येक सदस्याच्या कार्डावर छापलेलं असायचं. स्वतःच्या लोकांचा रोष ओढवून घेत ते बदललं, आणि म्हणूनच बाहेरच्यांचा विश्वास बसला. १९९७ ला ४१८ जागा. माझे शेजारी अजून म्हणतात की पक्षाने त्यात आत्मा गमावला. मला त्यांचं दुःख कळतं. अठरा वर्षं सत्तेबाहेर राहून कामगारांचं काय भलं झालं, हा प्रश्नही मला पडतो.

आणि हरलेल्या काँझर्व्हेटिव्हांनी काय केलं? १९९७ ला १६५ जागा. चार वर्षं युरोप आणि पौंड वाचवण्यावर बोलत राहिले, लोक रुग्णालयं आणि शाळांबद्दल बोलत होते. २००१ ला १६६. चार वर्षांत एक जागा वाढली.

---

पारावरचा

मंजिरीताई, छान लिहिलंत. भारतातला भाजपचा १९८४ चा पराभव यात घातला की चित्र पूर्ण होईल. वय झालेलं असल्याने हे सगळं डोळ्यासमोर घडलेलं आहे.

१९८० च्या डिसेंबरात मुंबईत वांद्र्याला भाजपचं पहिलं अधिवेशन झालं. गांधीवादी समाजवाद ही भूमिका घेतली होती. जनसंघाची जुनी प्रतिमा पुसून जनता पक्षाचा वारसा सांगायचा, असा अटलजींचा विचार. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत दोन खासदार, एक गुजरातच्या मेहसाण्यातून, एक आंध्रच्या हनमकोंड्यातून. अटलजी स्वतः ग्वाल्हेरला माधवराव शिंदेंकडून हरले.

ती सहानुभूतीची लाट होती, असं म्हणून हात झटकता आले असते आणि ते खोटंही नव्हतं. पण पक्षाने कार्यगट नेमला, देशभरातून कार्यकर्त्यांची मतं मागवली. खालून आलेला सूर असा होता की आपण कोण आहोत हेच आपल्याला सांगता येत नाही. १९८५ मध्ये जनसंघाचं एकात्म मानवदर्शन पायाभूत विचार म्हणून परत आलं, १९८६ मध्ये अडवाणी अध्यक्ष झाले, जून १९८९ मध्ये पालमपूरला रामजन्मभूमीचा ठराव झाला. त्याच वर्षी शिवसेनेशी युती. १९८९ ला ८५ जागा.

लेबर मध्याकडे सरकून जिंकला, भाजप मध्यापासून दूर जाऊन वाढला. त्या वाटेने देशाची जी किंमत मोजली गेली त्याबद्दल माझी मतं तीव्र आहेत. पण पराभवाचा हिशेब कसा मांडतात हे पाहायचं असेल तर ते प्रकरण टाळता येत नाही.

याच पक्षाने २००४ ला 'इंडिया शायनिंग'ची जाहिरात केली होती. ती जाहिरात पोचली नाही असं कुणी म्हणेल का? गावोगावी पोचली. १३८ जागा आल्या, काँग्रेसच्या १४५.

---

जर्सीकर

इथे अमेरिकेतलं उदाहरण तुमच्या सगळ्यांच्या विरोधात जातं. २०१२ ला रॉम्नी हरल्यावर रिपब्लिकन पक्षाने मार्च २०१३ मध्ये पराभवाचा मोठा अहवाल काढला. लॅटिनो, तरुण, स्त्रिया आपल्यापासून दूर जाताहेत, स्थलांतरितांच्या कायद्यात सुधारणेला पाठिंबा द्या, भाषा सौम्य करा. २०१६ ला ट्रम्प बरोबर उलटं बोलून उमेदवार झाले आणि जिंकले. मग हिशेब मांडून काय उपयोग?

---

शिवारफेरी (धागाकर्ता)

जर्सीकर, चांगला अडवलात. माझ्या मते तो अहवाल पक्षाच्या वरच्या वर्तुळाने लिहिला होता. त्यांनी बाहेर गेलेल्यांचा विचार केला. पक्षातच असलेल्या पण वैतागलेल्या मतदाराचा केला नाही. मुक्त व्यापारामुळे कारखाने गेले, इराकच्या युद्धात पोरं गेली, हे पक्षाच्या मतदाराला बोचत होतं आणि पक्षाचे नेते दोन्हींचं समर्थन करत होते. ट्रम्प यांनी तिथे बोट ठेवलं. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन ही राज्यं तिथून हाती आली. ऐकणारा माणूस अहवालाच्या बाहेरचा निघाला, एवढंच.

म्हणून मला हल्ली चिंतन शिबिरांबद्दल शंका येते. तिथे बोलणारे कोण असतात? ज्यांच्या हातून पराभव झाला तेच.

---

नवंपान

मी पहिल्यांदा २०२४ ला मत दिलं. सगळं वाचलं. एक प्रश्न आहे. लाडकी बहीणचे २१०० करू असं ५ नोव्हेंबरला कोल्हापुरात सांगितलं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद केली, पण हप्ता पंधराशेच राहिला. नंतर पडताळणी करून नावं कमी केली. मग जिंकल्यावर ऐकणं बंद होतं का? तसं असेल तर ही हरण्या-जिंकण्याची चर्चा आम्हा मतदारांच्या काय कामाची?

---

ओटीवरून

नवंपान, आईकडे आता तेच प्रश्न येतात. फॉर्म तिने भरला होता, म्हणून नाव का कटलं हे तिलाच विचारतात. तिच्याकडे उत्तर नसतं. ज्या विश्वासावर तो संदेश गेला होता तो विश्वास तिचा होता, आणि त्याची झीज तिला सोसावी लागतेय. पक्षांच्या हिशेबात हे कुठे धरतात मला माहीत नाही, पण धरायला हवं.

---

वऱ्हाडवारा

ओटीवरून +१.

नवंपान, सत्तेत असताना पक्ष ऐकतो, पण पुढची निवडणूक दिसायला लागली की. म्हणून निवडणुका लवकर लवकर आलेल्या मला बऱ्या वाटतात. जून आणि नोव्हेंबर यांच्यात पाच वर्षं असती तर कांद्याचं शुल्क सप्टेंबरमध्ये उतरलं असतं का?

---

पारावरचा

तरुणांना एक काम सांगतो. निकालानंतर प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० जाहीर होतो, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. जून आणि नोव्हेंबरचे दोन्ही घ्या. लोकसभेच्या फॉर्ममध्ये तुमचा विधानसभा मतदारसंघ वेगळा दाखवलेला असतो. आपल्या गावाची केंद्रं शेजारी-शेजारी मांडा. केंद्रांचे क्रमांक बदललेले असू शकतात, शाळेच्या नावावरून जुळवा. कुठल्या वस्तीत फरक पडला ते दिसेल. मग त्या वस्तीत जाऊन चार घरी बसा आणि विचारा. आमच्या काळी तालुक्याचे कार्यकर्ते हे वहीत करायचे आणि उमेदवाराला दाखवायला घाबरायचे.

---

नवंपान

पारावरचे काका, आमच्या गावात तीन केंद्रं आहेत. जूनचा फॉर्म मिळाला, नोव्हेंबरचा स्कॅन इतका पुसट आहे की आकडे लागत नाहीत. कुणाकडे निफाडचा नीट असेल तर कृपया इथे टाका.

---

कांदाचाळ

निफाडचा आहे माझ्याकडे. रात्री टाकतो.